जुनी संस्था सुधारायची की नवी उभी करायची?

रानजाई

"बाहेरून टीका करू नका, आत येऊन बदल घडवा" हा सल्ला मी वर्षानुवर्षं ऐकत आले आणि काही काळ मनापासून पाळलाही. आता तो मला पटत नाही. संस्था एकदा मूळ कामापासून सुटली की तिच्या दुरुस्तीत उमेदीची वर्षं घालवू नयेत. चार माणसं जमवावीत आणि तेच काम नव्याने सुरू करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी एका वाचनालयाच्या कार्यकारिणीत होते. बहुतेक संस्थांच्या घटनेत असतं ते कलम तिथेही होतं: गणसंख्येअभावी (म्हणजे किमान हजेरी न भरल्याने) सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल व तिला गणसंख्येचे बंधन राहणार नाही. कलम घालणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार, काम अडू नये म्हणून. प्रत्यक्षात सभेची वेळ अशी ठेवायची की नोकरी करणाऱ्याला येताच येऊ नये. पदाधिकारी व्हरांड्यात उभे राहायचे. अर्धा तास उलटला की आत येऊन बसायचे. मागील सभेचे इतिवृत्त कायम, जमाखर्च मंजूर, कार्यकारिणी तीच पुढे चालू. नवी पुस्तकं येणं बंद झालं होतं, आणि त्याबद्दल बोलायचं तर 'आयत्या वेळचे विषय' येईपर्यंत थांबायचं, तोवर अध्यक्ष उठलेले असायचे. हे कलम बदलायला घटनादुरुस्ती हवी, आणि ती मंजूर करणार तीच सभा.

इतिहासही मला हेच सांगतो. १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली; असलेल्या शाळांनी मुलींना घ्यावं म्हणून ते अर्ज करत बसले नाहीत. कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केलं तेव्हा मुंबई विद्यापीठ होतंच की. पण स्त्रियांना मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचं काम ते करत नव्हतं, म्हणून कर्व्यांनी ते करणारं विद्यापीठ उभं केलं.

जुना_पिंपळ

रानजाई, तुमची तळमळ समजते, पण निष्कर्ष मला धोकादायक वाटतो. बाहेर पडणं कोणाला परवडतं, हा प्रश्न तुम्ही विचारलेलाच नाही.

अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाला नायजेरियाच्या रेल्वेचं कोडं पडलं होतं. रस्त्यावरून ट्रक धावू लागले, शेकडो मैल लांबच्या शेंगदाण्याच्या वाहतुकीतही ते रेल्वेशी स्पर्धा करू लागले. स्पर्धा आली की सुस्त संस्था सुधारते, असं आपण मानतो. रेल्वे मात्र सुधारली नाही. त्याने दिलेलं कारण असं: ज्यांना दिरंगाई सगळ्यात जास्त बोचत होती, जे ओरडले असते, तेच व्यापारी आधी ट्रककडे वळले. रेल्वे सरकारी, त्यामुळे गिऱ्हाईक गेल्याने तिचं दिवाळं निघणार नव्हतं. तक्रार करणारे गेले, आणि मागे उरले ते ज्यांचं कोणी ऐकत नव्हतं असे लोक.

खासगी शाळा निघाल्यावर सरकारी शाळेचं काय होतं आणि खासगी रुग्णालयं वाढल्यावर सरकारी दवाखान्याचं काय होतं, ते याच नजरेने बघा. बोलू शकणारा पालक निघून जातो. वर्गात उरतात त्यांच्या आईबापांना मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरायचीही भीती वाटते.

तुमच्या वाचनालयाबद्दलही हेच म्हणेन. ते कलम पहिल्या वेळेला गणसंख्या भरली नाही तरच लागू होतं. ती भरेल एवढी माणसं वेळेवर आणून बसवली असती तर कलम कागदावरच राहिलं असतं. तुम्ही बाहेर पडलात आणि वेळेवर येणारं एक माणूस कमी झालं.

रानजाई

आणली होती माणसं. त्या एका सभेत आम्ही पुस्तकखरेदीचा ठराव करूनही घेतला. पुढच्या सभेआधी सभासदांची यादी लागली, तर आमच्यातल्या बऱ्याच जणांची नावं थकबाकीदार म्हणून वगळलेली. वर्गणी भरायला गेलं की "पावतीपुस्तक संपलंय, नंतर या" असं उत्तर मिळायचं. पावती देणारा त्यांचाच माणूस होता. नियम ज्याच्या हातात, त्याच्याशी त्याच नियमांनी लढायचं म्हणजे आयुष्य पणाला लावायचं. ते कशासाठी? तेवढ्या कष्टात दहा वस्त्यांत वाचनकट्टे सुरू होतात.

कोरा_कागद

मी रानजाईंच्या बाजूने, पण कारण वेगळं आहे. नवा पर्याय हाच जुन्याला सुधारण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग ठरतो, असं मला वाटतं.

संगणकाच्या क्षेत्रातलं एक उदाहरण देतो. जीसीसी हा मुक्त कम्पायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल अशा रूपात आणणारं साधन. त्याचा कारभार फार बंदिस्त झाला होता. लोक सुधारणा पाठवायचे आणि त्या तशाच पडून राहायच्या. १९९७ मध्ये वैतागलेल्या काही जणांनी सगळा कोड घेऊन ईजीसीएस नावाचा वेगळा फाटा काढला आणि काम खुलं केलं. तो इतका पुढे गेला की १९९९ मध्ये मूळ प्रकल्पाच्या पालकसंस्थेने, फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने, त्यालाच अधिकृत जीसीसी मानून कारभार त्या मंडळींकडे सोपवला. आतून विनवण्या करून जे झालं नव्हतं ते दोन वर्षांत बाहेरून झालं.

जुना_पिंपळ

उदाहरण चांगलं आहे, पण ते तुमच्या क्षेत्रातच चालतं. त्या मंडळींना निघताना सगळं सोबत नेता आलं, कारण परवानाच तसा होता: कोड कोणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. वाचनालय सोडणाऱ्याला पुस्तकं नेता येत नाहीत. इमारत, ठेवी, नाव, नोंदणी, तीन पिढ्यांनी दिलेल्या देणग्या, सगळं ज्यांच्यामुळे आपण निघालो त्यांच्याच ताब्यात राहतं. हे मी तरी सहज सोडून देणार नाही.

आणखी एक. नव्या प्रयोगांपैकी जे तरले तेवढेच आपल्याला आठवतात. सहकाराचा विषय निघाला की इंग्लंडमधल्या रोचडेल गावचं १८४४ चं सहकारी दुकान सगळे सांगतात. त्याआधीच्या वीसेक वर्षांत इंग्लंडमध्ये निघालेली कितीतरी सहकारी दुकानं बुडाली, त्यांच्याबद्दल कोण बोलतं?

सम्यक

सगळ्यांचं वाचलं. एक गोष्ट कोणीच बोललं नाही, आणि मला ती या चर्चेत सगळ्यात महत्त्वाची वाटते: "तुम्ही तुमचं वेगळं काढा" हे वाक्य कोण कोणाला म्हणतं?

जोतिरावांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. स्वतःच्या मालकीचं होतं ते त्यांनी लगेच खुलं केलं. हे नवा पर्याय देणंच झालं, आणि त्या काळी त्याला केवढं धैर्य लागलं असेल. आता महाड घ्या. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा विधिमंडळाचे सदस्य बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर सुधारणा पुरी झाली होती, तरी पाण्याला हात लावायची सोय नव्हती. बाबासाहेब तिथे नवं तळं खणा म्हणाले नाहीत. २० मार्च १९२७ ला ते हजारो लोकांसह त्याच तळ्यावर गेले आणि तेच पाणी प्यायले. नंतर नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, तळं खासगी मालकीचं आहे असा दावा लागला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं. दहा वर्षं!

वेगळं तळं खणून मिळालं असतं तर वरच्या जातींतल्या अनेकांना ते हवंच होतं. प्रश्न सुटल्यासारखा दिसला असता आणि भेद पक्का झाला असता. म्हणून जे सगळ्यांचं आहे, ते "आम्ही आमचं बघतो" म्हणून सोडायचं नसतं असं मी मानतो.

पण याच बाबासाहेबांनी १९३० ला सुरू झालेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह वर्षानुवर्षं चालवल्यावर, १९३५ मध्ये येवल्याला, हिंदू धर्मात मरणार नाही असं जाहीर केलं आणि १९५६ मध्ये नागपुरात बौद्ध धम्म स्वीकारला. तिथे ते बाहेर पडले. मला यातला फरक असा दिसतो: पाणवठ्यावर हक्क नागरिक म्हणून होता आणि पाण्यावाचून कोणाचं भागत नाही. मंदिराचं तसं नव्हतं. ज्या व्यवस्थेच्या मुळाशीच तुमचं कमीपण आहे, तिच्यात मानाची जागा मागत राहण्यात आणखी किती पिढ्या खर्च करायच्या?

रानजाई, म्हणून विचारतो. तुमच्या वाचनालयाला सार्वजनिक पैसा मिळतो का? मिळत असेल तर ते तळं आहे.

रानजाई

अनुदान मिळतं. तुमचा मुद्दा मला लागला, नाकारत नाही. पण महाडची दहा वर्षं लढायला एक चळवळ उभी होती. आमच्या मागे कोणी नव्हतं.

शतपावली

नव्या संस्थेबद्दल थोडं लिहितो, कारण नवी म्हणजे निर्मळ असं इथे गृहीत धरलं जातंय.

न्यू इंग्लिश स्कूल १८८० मध्ये निघालं. चिपळूणकर, टिळक, आगरकर, सरकारी शिक्षणाला पर्याय म्हणून. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज. ध्येयाने भारलेली, तुटपुंज्या पगारावर राबायला तयार असलेली माणसं. तरी आजीव सदस्यांनी बाहेर मिळकत करावी का, यावरून वाद पेटले आणि १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. 'केसरी'तही तेच. मतभेद झाल्यावर आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. म्हणजे वर्तमानपत्र सोडून आगरकर गेले आणि शाळा सोडून टिळक. दोघांतला कोणीच स्वार्थी नव्हता.

हे वाद संस्था उभी राहिल्यानंतरच्या दहा वर्षांत झाले. त्यामुळे नवं काढणाऱ्याने पहिल्याच दिवशी काही गोष्टी लिहून ठेवाव्यात. एका पदावर एक माणूस किती काळ राहील. हिशेब कोण तपासेल, आणि तो पदाधिकाऱ्यांनी नेमलेला नसेल हे कसं बघायचं. सभासद यादी कोणालाही कधीही पाहता येईल का. (रानजाईंच्या पावतीपुस्तकाचा प्रकार इथेच अडवता आला असता.) सुरुवातीला सगळे मित्र असतात, म्हणून हे बोलायचा संकोच वाटतो. तो संकोच पुढे महागात पडतो.

आणि सम्यकच्या उदाहरणात एक भर. बाबासाहेब १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. त्याच काळात, १९४५ मध्ये, त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. सरकारात बसून काम आणि बाहेर स्वतःची संस्था, दोन्ही एकाच वेळी.

कोरा_कागद

"दोन्ही करा" हे उत्तर ऐकायला छान आहे, पण त्याला तेवढी माणसं लागतात. बहुतेक ठिकाणी नोकरी-घर सांभाळून संध्याकाळचा वेळ देणारे पाच-सहा जण असतात. ते सभासद यादीवरून भांडत राहिले तर वाचनकट्टा कोण चालवणार? त्यांना निवडावंच लागतं, आणि मी त्यांना कट्टा निवडा असंच सांगेन. तिथे आज पोरांच्या हातात पुस्तक पडतं.

सम्यक

मी त्यातल्या दोघांना तरी यादीपाशी बसवेन. कट्ट्यावरच्या पोरांना उद्या संदर्भग्रंथ लागतील, ते त्या इमारतीतच आहेत, आणि त्या पोरांच्याच हक्काचे आहेत.