संशोधन धोरणाला नेमकं काय करतं?

शनिपारकर
छोटंसं काम आहे, पण एका ओळीवर तीन दिवस अडून बसलोय. एका संस्थेचा अहवाल मराठीत आणायचाय. शिक्षण, आरोग्य, कायदा आणि पर्यावरण या क्षेत्रांत अभ्यासातून सरकारी निर्णय कसे घडतात, असा विषय. मूळ इंग्रजीत ‘रिसर्च इन्फॉर्म्स पॉलिसी’ हे शब्द दर दोन पानांआड भेटतात. ‘संशोधन धोरणाला माहिती देते’ असं लिहिलं, की संशोधन एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत बसल्यासारखं वाटतं. ‘दिशा देते’ म्हणजे उद्घाटनाचं भाषण. त्यात दिल्लीहून संदर्भासाठी हिंदी मसुदा आला. पर्यावरणाच्या प्रकरणात ‘वन संरक्षण संशोधन अधिनियम 2023’ वाचलं आणि जंगलांवर संशोधन करायला चक्क कायदा झालाय, असं वाटून दोन मिनिटं बरं वाटलं. सुचवा काहीतरी.

निवृत्त मास्तर
शनिपारकर, हिंदीतलं ‘संशोधन’ म्हणजे आपली दुरुस्ती. आपण घटनादुरुस्ती म्हणतो, ते संविधान संशोधन म्हणतात. धातू एकच, शुध्. एकाने शुद्ध करण्याचा अर्थ ‘चुका काढणे’ इथवर नेला, दुसऱ्याने ‘खरं काय ते गाळून काढणे’ इथवर. आपल्या पुण्यात 1910 साली भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं आणि 1917 मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर. पहिली पाटी लखनौच्या पाहुण्याला दाखवा, तो इतिहासात दुरुस्त्या करणारं मंडळ समजेल.

‘नीती’चंही तेच. त्यांची शिक्षा नीति, आपलं शैक्षणिक धोरण. मराठीत नीती म्हटलं की सदाचार आठवतो. ‘धोरण’ मात्र मजेदार शब्द आहे. अमरकोशात धोरण हा वाहनवाचक शब्द आहे, यान, युग्य यांच्या पंगतीत बसलेला. आपलं धोरण त्याच गाडीतून उतरलं असं मी छातीठोक सांगणार नाही, पण ‘धोरणी माणूस’ म्हणताना पुढचा रस्ता बघून चालणारा असंच डोळ्यांपुढे येतं ना? म्हणून मला ‘संशोधनाधिष्ठित धोरण’ चालेल.

शनिपारकर
सर, ‘अधिष्ठित’ म्हटलं की मला देव्हारा दिसतो. ‘पुरावाधारित’ कसं वाटतं? ‘आधार’ हा शब्द आता कार्डवाल्यांनी नेलाय ते सोडा.

शिवाजीनगर कोर्ट
‘पुरावा’ जपून वापरा, काका. आमच्याकडे साक्षीपुरावा असा जोडशब्द आहे आणि तो उगाच जोडलेला नाही. जिवंत माणूस पिंजऱ्यात उभा राहून सांगतो ती साक्ष. कागद, मुद्देमाल, आकडे दाखल होतात तो पुरावा. साक्ष ‘देतात’, पुरावा ‘सादर करतात’. 1872 चा भारतीय पुरावा अधिनियम आम्ही पाठ केला. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. नव्या नावात हिंदीच्या वाटेने ‘साक्ष्य’ घुसलं आणि आमच्या कानाला दोन्हींतली सीमा पुसली गेली. जुने कारकून अजून पुरावा कायदाच म्हणतात.

तुमच्या अहवालातलं संशोधन कुठल्या खात्यात जातं ते आधी ठरवा. पुण्यातलंच उदाहरण घ्या. 1882 साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं आणि पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली, तीही मराठीतून. तिचा नंतर इंग्रजीत अनुवाद झाला. मुलींना शिकवायला स्त्री-शिक्षक हव्यात, बायकांना वैद्यकी शिकता आली पाहिजे, असं त्या बोलल्या. तिथे ‘पुरावा सादर केला’ लिहून बघा, सगळा जीव जातो. फुल्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हटलं होतं. सहा ते चौदा वयाच्या मुलांच्या शिक्षणहक्काचा कायदा 2009 चा. मध्ये 127 वर्षं. याला ‘इन्फॉर्म्स’ म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. आम्ही तारीख पडली म्हणतो.

गटप्रवर्तक, मुळशी
मी भाषेतली नाही, माझ्याकडे आशाताईंच्या कामाची देखरेख असते. पण एक सांगते. वाड्यावस्त्यांवर ‘पुरावा’ म्हटलं की बाया पिशवीतून रेशनकार्ड काढतात. रहिवासी पुरावा, वयाचा पुरावा, एवढाच त्याचा अर्थ उरलाय. तुमच्या शब्दाला गावात साधा प्रश्न आहे: ‘कशावरून?’

सासूबाई विचारतात, बाळाला पहिल्या दिवशी आंघोळ घालू नका म्हणता, कशावरून? आमच्याकडे उत्तर असतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला लावली. 39 गावांत हा प्रयोग झाला, 47 गावं तुलनेला ठेवली. नवजात मृत्यूचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटलं. 1999 मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यावरून 2011 मध्ये सरकारने देशभर आशांकडे हे काम दिलं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी गृहभेट. वजन करायचं, ताप बघायचा, आई पाजते कशी ते बघायचं.

बंगांच्या त्या जागेचं नाव शोधग्राम. ‘संशोधनग्राम’ नाही. शोध म्हटलं की माणूस चालत गेल्यासारखं वाटतं. आणि धोरण ‘आखतात’ आणि ‘राबवतात’ म्हणता ते बरोबरच आहे, राबतात आमच्या आशाताई.

निवृत्त मास्तर
ताई, तुम्ही भाषेतल्या नाही म्हणता आणि व्याकरण सोडवून दिलंत! ‘-वरून’. अनुभवावरून, आकड्यांवरून, पाहणीवरून. इंग्रजीला जिथे क्रियापद लागतं तिथे मराठीला एक शब्दयोगी अव्यय पुरतं. ‘गडचिरोलीच्या प्रयोगावरून धोरण ठरलं.’ माझं ‘अधिष्ठित’ मी मागे घेतो.

मुठाकाठ
सर, घाई करू नका. ‘-वरून’ म्हणजे खरोखर त्यावरूनच ठरलं, असा दावा झाला. तो प्रत्येक वेळी खरा असतो का? आपल्या पुण्याच्या माधव गाडगीळांच्या समितीचा पश्चिम घाटावरचा अहवाल ऑगस्ट 2011 मध्ये सादर झाला आणि लोकांसमोर यायला मे 2012 उजाडला. सगळा घाट पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील धरून तीन श्रेणी, आणि ग्रामसभांना विचारून पुढे जायचं, असं त्यात होतं. मग कस्तुरीरंगन समिती आली. 2013 च्या तिच्या अहवालात क्षेत्र साधारण 37 टक्क्यांवर आलं. त्यानंतर 2014 पासून प्रारूप अधिसूचना निघतायत. सहावी 31 जुलै 2024 ला निघाली, वायनाडची दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशी. आता सांगा, संशोधनाने धोरणाला काय केलं?

कानावर घातलं. एवढंच म्हणता येतं. कानावर घातल्यावर ऐकणं न ऐकणं समोरच्याचं. आणि पुढच्या टप्प्यालाही मराठीत शब्दांचा तुटवडा नाही: अहवाल स्वीकारला, दप्तरी दाखल झाला, बासनात गेला. पोथी जपायला जे फडकं गुंडाळायचे तेच बासन. पेशवे दफ्तरात जुने कागद रुमालांत बांधलेले असतात, तेही जपण्यासाठीच. अहवालाच्या वाट्याला आलं की त्याच फडक्याचा अर्थ बदलतो.

शिवाजीनगर कोर्ट
मुठाकाठ यांना अनुमोदन. एक उलटं उदाहरणही नोंदवते, नाहीतर सगळंच रडगाणं होईल. दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर डिसेंबर 2012 मध्ये नेमलेल्या वर्मा समितीने 80 हजारांच्या आसपास सूचना वाचून महिन्याभरात अहवाल दिला. फेब्रुवारी 2013 मध्ये अध्यादेश आणि त्याच वर्षी फौजदारी कायद्यात सुधारणा. तरी ‘अहवालावरून कायदा झाला’ असं मी लिहिणार नाही, कारण बऱ्याच शिफारशी वगळल्या. ‘अहवालातलं काही घेतलं’ असं लिहीन.

शनिपारकर
मंडळी, काल रात्री अहवाल पुन्हा पहिल्यापासून वाचला. ते वाक्य सतरा ठिकाणी आहे. ‘-वरून’ चार ठिकाणी बसलं. सहा ठिकाणी ‘आधार घेतला’, तीन ठिकाणी ‘काही शिफारशी घेतल्या’. तीन ठिकाणी ‘कानावर घातलं’ लिहिण्याचा मोह आवरून ‘निदर्शनास आणून दिलं’ केलं, सरकारी कानाला ते बरं वाटतं. उरलेल्या एका ठिकाणी संशोधनाने नेमकं काय केलं ते मूळ लेखकालाच माहीत नसावं. तिथे समासात ‘कशावरून?’ लिहून पाठवलंय.

संस्थेचं उत्तर आलं: एकाच वाक्याला इतके वेगवेगळे अनुवाद का, एकवाक्यता ठेवा.

मुठाकाठ
ठेवू नका.

गटप्रवर्तक, मुळशी
दादा, त्यांना म्हणावं एक दिवस गृहभेटीला चला.

शनिपारकर
हो ताई, कळवतो. आणि जाता जाता: ‘स्टेकहोल्डर’ला काय म्हणता तुम्ही? भागधारक लिहिलं तर कंपनीचे शेअर वाटल्यासारखं होतं आणि ‘हितसंबंधी’ म्हटलं की बिल्डर डोळ्यांपुढे येतो.

निवृत्त मास्तर
जेवून येतो.