'माझा!' कोण म्हणणार? पोरांच्या खेळातली कप्तानी आणि साथ

मिडऑफ:
संध्याकाळी मैदानाच्या कडेने येताना पोरांची मॅच दिसली. उंच कॅच, खाली दोघं, दोघंही थांबले, बॉल मधोमध टप्पकन पडला. जुने दिवस आठवले एकदम! जाणत्यांनी लिहा, पोरांना कप्तानी आणि एकमेकांची साथ नेमकी शिकवतात कशी? 'संघभावना वाढीस लागते' छाप नको, ते निबंधात झालंय.
माझ्याकडून एक: उंच कॅचला 'मी मी' चालत नाही, दोघंही तेच ओरडतात. कीपर किंवा कप्तानाने नाव घ्यायचं, एकदाच. बॉल वर चढताना नाही, उतरायला लागल्यावर. आधी घेतलं तर अंदाज चुकतो आणि नाव बदलावं लागतं. नाव पडलं की बाकीचे गप्प, एकाने मागे आडवं उभं राहायचं.

उजवा कोपरा:
कबड्डीत तोंडापेक्षा हात बोलतो. हात धरून केलेल्या साखळीत कोपऱ्याने (टोकाच्या खेळाडूने) शेजाऱ्याचा हात दाबला म्हणजे 'मी घुसतोय'. कोपऱ्याने घोटा धरला आणि मध्यरक्षक अर्धा सेकंद उशिरा आला की चढाईवाला मधल्या रेषेपर्यंत ओढून नेतो. उशीर का होतो? मध्यरक्षक चढाईवाल्याच्या पायांकडे बघत बसतो. त्याने आपल्या कोपऱ्याचा खांदा बघायचा. खांदा खाली गेला की निघायचं, विचार नंतर.

चहागरम:
कोपरे कायम भाव खातात 😄

उजवा कोपरा:
घोटा आम्ही धरतो, फोटो मध्यरक्षकाचा येतो!
हां, एक राहिलं. राखीव पोराला काम द्या: रिकाम्या, म्हणजे बिनगुणाच्या चढाया मोजायच्या. दोन रिकाम्या गेल्या की तिसरीला गुण आणावाच लागतो, नाहीतर बाद. समोरच्यांची मोजणीही त्याच्याकडेच. आणि आपले तीन किंवा कमी उरले की बाहेरून ओरडायचं, कारण तेव्हाच्या पकडीला एक गुण जास्तीचा. बाकावरचं पोर खेळात राहतं.

पाटीवरची:
खोखोत बसलेले आठ जण ही खरी परीक्षा. खो मिळायच्या आधी उठणारं पोर बहुतेक वेळा सगळ्यात हुशार असतं, त्याला पळणारा आधी दिसतो. पण असं आधी उठणं फाऊल, आणि फाऊल झाला की पाठलाग करणाऱ्याला उलट दिशेला जावं लागतं आणि पळणाऱ्याला फुकट श्वास. हाताचा स्पर्श आणि 'खो' हा शब्द एकदमच हवा, आधी शब्द मग हात नाही.
पळणारे तिघातिघांच्या तुकड्यांनी उतरतात, त्यांचा क्रम कप्तानाला लावू द्या. हौसेने सगळे तगडे पहिल्या तिघांत घालतात, ते गेले की पुढचे पटापट बाद. प्रत्येक तुकडीत एक शांत डोक्याचा हवा. आणि तिसरा बाद झाल्यावर दोन खो पडायच्या आत पुढचे तिघे मैदानात पाहिजेत, तेव्हा त्यांनी बाटलीशी चाळा करत बसायचं नाही.

पाणपोई:
पालकांचं काय करायचं ते सांगा आधी. रेषेबाहेरून चार जण चार दिशांना पाठवतात.

मिडऑफ:
त्यांना स्कोअर लिहायला बसवा. लिहिता लिहिता ओरडता येत नाही.

पाणपोई:
😂 करून बघते.

बॅटन:
रिलेवर कुणी बोललंच नाही. ४×१०० मध्ये 'तुझ्यामुळे गेलं' हे भांडण ठरलेलं. खूण केली की मिटतं. पुढच्या धावकाने आपल्या जागेपासून मागे पावलं मोजून पट्टी चिकटवायची, सुरुवातीला २० पावलं. मागचा त्या पट्टीवर आला की सुटायचं, मागे बघायचं नाही. मागच्याला गाठता आलं नाही तर दोन पावलं कमी करा, दोघं एकमेकांवर आदळले तर दोन वाढवा. बॅटनचा (हातातल्या दांडीचा) बदल ३० मीटरच्या आखलेल्या पट्ट्यात झाला पाहिजे; पाय नाही, बॅटन कुठे होती ते बघतात. 'घे' एकानेच म्हणायचं.

सर्व्हिस आउट:
व्हॉलीबॉलला 'माझा' म्हणायचं ते बॉल जाळी ओलांडायच्या आत. ज्याचा नाही त्याने लगेच 'माझा' म्हणणाऱ्याकडे तोंड करून वळायचं, निसटलेला बॉल त्यालाच मिळतो. पंचांशी फक्त कप्तान बोलतो, तेही बॉल खेळात नसताना. बाकीच्या पाच जणांना तोंड मिटायला शिकवणं जास्त अवघड.
जाता जाता, बॉलची हवा सारखी उतरते, काय करावं? दोन बॉल आहेत, दोन्ही तसेच.

पाटीवरची:
सुई ओली करून घालता का? कोरडी घातली की व्हॉल्व्ह फाटतो. हवा भरल्यावर व्हॉल्व्हवर पाण्याचा थेंब टाका, बुडबुडा आला तर तिथूनच जातेय.

सर्व्हिस आउट:
आला बुडबुडा. दोन्हींना.

चहागरम:
म्हणजे सुई कोरडीच घालत होतात. पंप कुणाच्या ताब्यात असतो?

सर्व्हिस आउट:
कप्तानाच्या 🙈