जत्रेतली गर्दी ‘पोहोचलेले लोक’ म्हणून मोजावी का?

प्रश्न (विद्यार्थिनी, मडगाव):
आमचा संघ फर्स्ट टेक चॅलेंज या विद्यार्थ्यांच्या रोबोट स्पर्धेत भाग घेतो. फातर्प्याच्या जत्रेत आम्ही रोबोट मांडला, तेव्हा साठेक मुलांनी कंट्रोलर हातात घेऊन तो चालवून पाहिला. बाकीची गर्दी खाज्याच्या पुड्या घेऊन पुढे सरकली. आता पोर्टफोलिओत, म्हणजे परीक्षकांना द्यायच्या आमच्या कामाच्या अहवालात, ‘५,००० लोकांपर्यंत पोहोचलो’ असे लिहावे, असा काही सोबत्यांचा आग्रह आहे. ते योग्य ठरेल का?

उत्तर (शिक्षक, फोंडा):
नाही. बाजूने गेलेला माणूस आणि तुमच्याशी बोललेला माणूस हे एकाच आकड्यात बसत नाहीत. साठ मुलांनी रोबोट चालवला असे लिहा आणि गर्दीचा उल्लेख करायचाच असेल, तर तो अंदाज असल्याचे स्पष्ट करा. पोर्टफोलिओला मुखपृष्ठ सोडून १५ पानांची मर्यादा आहे, त्यामुळे फुगवलेल्या आकड्याने अडवलेली जागा ही खऱ्या कामाचीच जागा असते.

उत्तर (माजी सदस्य, म्हापसा):
आम्ही एका शाळेत दोन तास शिकवून ‘नवा संघ सुरू केला’ असे लिहिले होते, याची आजही लाज वाटते. ही स्पर्धा भरवणाऱ्या फर्स्ट संस्थेच्या व्याख्येनुसार त्या संघाला पहिल्या स्पर्धेपर्यंत साथ द्यावी लागते, शिवाय तो संघ आम्हीच उभा केला हे त्याने स्वतः मान्य करावे लागते. परीक्षकांनी त्या संघाचे नाव विचारले, तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो.

विद्यार्थिनी:
साठच लिहिते. पुढच्या खेपेस टेबलावर वही ठेवू.