दुर्गा खोटे यांच्या नावापुढची सत्तावीस वर्षं रिकामी कशी?

इचलकरंजीची_मास्तरीण

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाच्या महिला मंडळात शनिवारी माझं वीस मिनिटांचं बोलणं आहे, विषय 'अभिनेत्री आणि त्यांचे मानसन्मान'. शाळेतली सवय, म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता आखला. नूतनची ओळ भरायला दहा मिनिटंही लागली नाहीत: फिल्मफेअरचे उत्कृष्ट अभिनेत्रीचे पाच, वर 'मेरी जंग'साठी सहायक अभिनेत्रीचा एक, शिवाय पद्मश्री. स्मिता पाटीलचे 'भूमिका' आणि 'चक्र'साठी दोन राष्ट्रीय पुरस्कार, १९८५ ची पद्मश्री. तिचीही ओळ भरली.

घोडं अडलंय दुर्गा खोट्यांपाशी. त्यांचं पहिलं काम १९३१ चं. मला सापडलेला पहिला सन्मान थेट १९५८ चा, संगीत नाटक अकादमीचा. मग १९६८ ची पद्मश्री, 'बिदाई'साठी फिल्मफेअर (तेही सहायक अभिनेत्रीचं!) आणि १९८३ चा फाळके पुरस्कार. मधली सत्तावीस वर्षं कोरी. आमच्या अध्यक्षबाई म्हणतात, "त्यांना वगळ, तक्ता भरलेला दिसला पाहिजे." मला ते पटत नाही, पण उत्तरही सुचत नाहीये. माझ्या शोधण्यात काही राहिलंय का?

तिसरी_घंटा

अध्यक्षबाईंना विचारा, दादासाहेब फाळक्यांना स्वतःला फाळके पुरस्कार कुठे मिळाला होता? मग त्यांनाही वगळायचं का? :)

मुगभाटची_माई

मास्तरीणबाई, तुझं शोधणं बरोबर आहे गं, रकाने चुकलेत. पुरस्कार द्यायला आधी पुरस्कार असावा लागतो ना? राष्ट्रीय आणि फिल्मफेअर दोन्ही १९५४ ला सुरू झाले. तोवर दुर्गाबाई पन्नाशीला टेकल्या होत्या (जन्म १९०५ चा). त्यातही राष्ट्रीय पुरस्कार सुरुवातीला चित्रपटाला मिळायचा, नटनटीला नव्हे. अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला पहिलं सुवर्णपदक मिळालं, पण आई झालेल्या वनमालाबाईंना अभिनयाचं काही नाही, कारण तसा विभागच नव्हता. उत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार आला १९६७ च्या चित्रपटांपासून, पहिला नर्गिसला. दुर्गाबाईंची तेव्हा बासष्टी झाली होती. नायिकेच्या रकान्यात त्यांचं नाव तू शोधणार कुठून?

आता त्या कोऱ्या वर्षांत काय झालं ते ऐक. चांगल्या घरातली, कॉलेजात शिकलेली, दोन मुलांची आई असलेली बाई १९३२ मध्ये 'प्रभात'च्या 'अयोध्येचा राजा'त तारामती झाली. मराठीतला पहिला बोलपट, दिग्दर्शक शांतारामबापू, हरिश्चंद्र म्हणजे गोविंदराव टेंबे. पार्श्वगायन वगैरे भानगड नव्हती, गाणी स्वतःच म्हणायची. त्याआधीच्या छोट्या कामावरून त्यांना लोकांनी काय काय ऐकवलं होतं, तरी बाई पुन्हा उभी राहिली. मग कलकत्त्याला जाऊन 'राजरानी मीरा' आणि 'सीता' केले. 'सीता' १९३४ साली व्हेनिसच्या महोत्सवात गेला आणि मानपत्र घेऊन आला. मानपत्र चित्रपटाचं, पण सीता कोण होती? पुढे 'अमर ज्योती'त तर सूड उगवणारी समुद्री चाच्यांची राणी. त्या काळी!

'बिदाई' लागला तेव्हा सासूबाईंना घेऊन गेले होते. एरवी त्यांना हिंदी सिनेमा म्हणजे नसता खर्च वाटायचा. मध्यंतरात म्हणाल्या, "ही आपली तारामती ना गं?" लहानपणी पाहिलेली, बेचाळीस वर्षांनी ओळखली. फिल्मफेअरची बाहुली दुर्गाबाईंच्या हाती आली ती यानंतर, सत्तरीत. मला तेव्हाही राग आला होता की 'मुघल-ए-आझम'मधल्या जोधाबाईसाठी का नाही दिली. नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये उभी असलेली ती आई एकदा नीट बघ. सगळे पृथ्वीराज आणि दिलीपकुमारचं बोलतात.

आणि हो, शुभा खोटे त्यांची मुलगी नव्हे. दुर्गाबाईंच्या दिरांची, नंदू खोट्यांची मुलगी, विजू खोटेची बहीण. भाषणात ही चूक फार जण करतात.

हावड्याचा_पाव्हणा

माईंना नमस्कार, पण एक दुरुस्ती. मधली वर्षं अगदी कोरी नाहीत. इथे बंगालात चित्रपट पत्रकारांची संघटना १९३७ पासून आहे, तिचे पुरस्कार फिल्मफेअरच्या आधीचे. त्यांनी दुर्गाबाईंना सलग दोन वर्षं उत्कृष्ट अभिनेत्री ठरवलं, 'चरणों की दासी' (१९४१) आणि 'भरत मिलाप' (१९४२) साठी.

पहिला म्हणजे अत्र्यांच्या 'पायाची दासी'चा हिंदी अवतार. त्यात दुर्गाबाई छळवादी सासू आणि सून वनमाला. दुसऱ्यात कैकेयी. म्हणजे सीता आणि तारामती करणाऱ्या बाईला पुरस्कार मिळाले ते खाष्ट सासूचे आणि कैकेयीचे, तेही कलकत्त्याहून.

मुगभाटची_माई

हे मला ठाऊक नव्हतं रे! सासूबाई असत्या तर त्यांना सांगितलं असतं. पायाची दासीतल्या त्या सासूला त्या शिव्या घालायच्या.

मास्तरीणबाई, अजून एक सांगते, वेळ उरला तर घे. फाळक्यांनी १९१३ ला हरिश्चंद्रावर सिनेमा काढला तेव्हा तारामतीसाठी बाई मिळेना. शेवटी हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके लुगडं नेसून उभे राहिले. एकोणीस वर्षांनी तीच तारामती दुर्गाबाईंनी केली, आणि १९८३ चा पुरस्कार मिळाला तो त्याच फाळक्यांच्या नावाचा.

इचलकरंजीची_मास्तरीण

माई, पाव्हणे, दोघांचेही आभार. काल रात्री तक्ता पुन्हा आखला. आता डावीकडे वय, मधे भूमिका आणि उजवीकडे 'तेव्हा कोणता पुरस्कार अस्तित्वात होता' असा नवा रकाना. नूतनची ओळ होती तशीच राहिली. दुर्गाबाईंची मात्र कॅलेंडरच्या दोन पानांवर गेली, चिकटपट्टीने जोडलीय. सुरुवात अण्णा साळुंक्यांच्या लुगड्यापासून करणार आहे.

अध्यक्षबाईंना दाखवला. बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ठीक आहे, पण वीसाची पंचवीस मिनिटं होऊ देऊ नकोस, नंतर चहा आहे."

@तिसरी_घंटा, फाळक्यांचं तेवढं बोलायची हिंमत झाली नाही.