हळद शिजवण्याच्या यंत्राचे काम कसे विभागावे?

प्रश्न (कुपवाड एमआयडीसी)
नमस्कार. आमच्या कारखान्यात वाफेवर हळद शिजवणारे, शेतापर्यंत ओढून नेता येणारे यंत्र विकसित करायचे ठरले आहे. बॉयलर, शिजवण्याच्या टाक्या, वाफेची पाइपलाइन, कंट्रोल पॅनेल आणि चेसिस ही त्याची अंगे. मी डिझाइन, खरेदी, फॅब्रिकेशन, चाचणी अशी खातेवार यादी केली. पण ती कितीही वाढवली तरी कोणते काम कशावाचून अडले आहे, हे तिच्यातून कळत नाही. ओली हळद आपल्याकडे साधारण जानेवारी ते मार्च एवढीच मिळत असल्याने चाचणी हुकली, तर वर्ष जाते. विभागणी कोठून सुरू करावी आणि किती बारीक करावी?

उत्तर (मिरज)
खात्यांऐवजी यंत्राच्या अंगांप्रमाणे विभागणी करावी आणि प्रत्येक अंगाखाली त्याचे ड्रॉइंग, माल, जुळणी व स्वतंत्र चाचणी घ्यावी. मग ‘डिझाइन बरेचसे झाले’ असे मोघम उत्तर चालत नाही. टाकी हायड्रो टेस्टला (पाण्याच्या दाबाच्या चाचणीला) उतरली की नाही, एवढेच विचारायचे उरते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६८ साली मिल-एसटीडी-८८१ या मानकात हीच रचना घालून दिली. त्यात संपूर्ण प्रणालीची चाचणी, प्रशिक्षण आणि सुटे भाग यांनाही स्वतंत्र शाखा आहेत, आणि नेमक्या याच गोष्टी आपल्याकडे यादीबाहेर राहतात. काम एका माणसाकडे सोपवता आले आणि ते पुरे झाल्याचे तपासता आले, की आणखी तुकडे करू नयेत.

उत्तर (पलूस)
वरील मत पटते, परंतु विभागणी म्हणजे वेळापत्रक नव्हे. जानेवारीपासून उलटे मोजत यावे. बॉयलरच्या ड्रॉइंगची मंजुरी आणि बांधणीदरम्यानची सरकारी तपासणी आपल्या हातात नसते, म्हणून त्यांच्या स्वतंत्र ओळी हव्यात. बहुधा सगळ्यांत लांबची साखळी तीच निघेल. वाफेची गळती, दाब, सेफ्टी व्हॉल्व्ह हे सर्व दिवाळीपूर्वी हळदीविनाच तपासता येते. हंगामासाठी फक्त हळदीचेच प्रश्न ठेवावेत: जेठे गड्डे (मूळ कंद) आणि हळकुंडे वेगवेगळी किती वेळ शिजवावी लागतात, टाकीच्या तळाचा माल वरच्याइतकाच शिजतो का, एका घाण्याला इंधन किती लागते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. टाकी आणि पाइपलाइन यांच्या जोडावरील फ्लँज (बोल्टने जोडायची कडी) कोणत्या अंगाखाली धरावी?

उत्तर (मिरज)
पाइपलाइनखाली. मात्र तिचे माप आणि दाब टाकी व पाइपलाइन यांच्या जबाबदार व्यक्तींच्या सह्यांनी आधी ठरवून घ्यावेत, आणि तो कागद तयार करणे हेही यादीतले एक काम समजावे.