मोहिमेपूर्वी जुने पकड वॉरंट रद्द करून घेण्याविषयी

प्रश्न

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाविरुद्ध एका पतसंस्थेने सोलापूरच्या न्यायालयात 2022 मध्ये धनादेश न वटल्याचा खटला दाखल केला. पहिल्या तारखेला हजर राहून त्याने जामीनही दिला, परंतु नोकरीनिमित्त पुण्याला आल्यानंतर पुढच्या तारखा चुकत गेल्या. आता आमच्या पोलीस पाटलांनी आईच्या कानावर घातले आहे की, त्याच्या नावाचे अजामीनपात्र वॉरंट ठाण्यात आलेले असून गणेशोत्सवापूर्वी प्रलंबित वॉरंटांची बजावणी करण्याची मोहीम सुरू होणार आहे. अटकपूर्व जामीन मागावा, ठाण्यात जाऊन भेटावे, की मोहीम ओसरेपर्यंत पुण्यातच थांबावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर 1 (फौजदारी वकील)

तिन्ही मार्ग सोडून द्यावेत. धनादेश न वटण्याचा गुन्हा मुळात जामीनपात्र आहे आणि अटकपूर्व जामिनाची तरतूद अजामीनपात्र गुन्ह्यांसाठी असल्यामुळे तो अर्ज येथे टिकणार नाही. अजामीनपात्र आहे ते केवळ वॉरंट, आणि तेही आरोपी गैरहजर राहिला म्हणून निघालेले. पोलिसांना ते रद्द करण्याचा अधिकार नाही. फार तर ‘मिळून आला नाही’ असा अहवाल जाईल, आणि अशा अहवालांच्या आधारे न्यायालय फरारी घोषित करण्याची उद्घोषणा व पुढे मालमत्तेची जप्ती या टप्प्यावर येऊ शकते. वॉरंटाला मुदतही नसते. बजावणी होईपर्यंत किंवा न्यायालय रद्द करीपर्यंत ते जिवंत राहते, त्यामुळे गणपती झाल्यावर निवडणुकीच्या तोंडावर पुन्हा तीच यादी बाहेर निघते.

भावाने स्वतः सोलापूरला जाऊन वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्यावा. खटला 1 जुलै 2024 पूर्वीचा असल्याने तो जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 70(2) खाली करता येईल. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम 72 मध्ये आहे. आपण होऊन हजर झालेला आरोपी आणि पोलिसांनी धरून आणलेला आरोपी यांच्याकडे न्यायालय सारख्या नजरेने पाहत नाही, हे अनुभवाने सांगतो. बहुधा काही रक्कम खर्चापोटी भरावी लागेल आणि नवा जातमुचलका किंवा जामीनदार मागितला जाईल. पतसंस्थेशी तडजोड शक्य असेल तर तेही त्याच दिवशी न्यायालयासमोर मांडावे, कारण हा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो.

उत्तर 2 (न्यायालयातील निवृत्त कर्मचारी)

जाण्याआधी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकून खटल्याची सद्यःस्थिती पाहून घ्यावी. वर्षानुवर्षे आरोपी न आलेली प्रकरणे काही ठिकाणी नेहमीच्या बोर्डावरून, म्हणजे रोजच्या सुनावणीच्या यादीतून, बाजूला काढलेली असतात, आणि मग फाईल सापडून न्यायाधीशांपुढे येईपर्यंत दुपार उलटते. म्हणून सकाळी न्यायालय उघडतानाच वकिलांसह पोहोचावे. शुक्रवार आणि जोडसुट्टीचा आदला दिवस टाळावा. गैरहजेरीचे कारण सांगताना नियुक्तिपत्र, भाडेकरार, रुग्णालयाची कागदपत्रे असे जे खरोखर असेल तेच जोडावे. खोटे वैद्यकीय प्रमाणपत्र न्यायाधीशांना दुरून ओळखू येते.

पूर्वीच्या जामीनदाराला विसरू नये. आरोपी गैरहजर राहिल्यावर त्यालाही बंधपत्राच्या रकमेबद्दल नोटीस निघू शकते, आणि तो बिचारा बहुतेक वेळा गावातलाच कोणी नातेवाईक असतो.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आपणा दोघांचे आभार. पतसंस्थेकडे आज विचारणा केली असून ते हप्त्यांनी रक्कम घेण्यास तयार दिसतात. न्यायालयाने वॉरंट रद्द केल्यानंतर ठाण्याच्या यादीतून नाव आपोआप निघते का?

उत्तर 3 (फौजदारी वकील)

निघायला हवे, पण त्यावर विसंबू नये. मुंबईत 2002 मध्ये रद्द झालेल्या वॉरंटावरून एका व्यक्तीला 15 ऑगस्टला, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, अटक झाली होती. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 2011 च्या निकालात न्यायालयाने वॉरंटांची नोंदवही ठेवण्याचे, तसेच रद्द केल्याच्या आदेशाची प्रत संबंधित यंत्रणेला आणि आरोपीलाही देण्याचे निर्देश दिले. त्यामुळे आदेशाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागावी, एक प्रत गावच्या ठाण्यात वॉरंटांचे काम पाहणाऱ्या अंमलदाराकडे देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी, आणि मोहीम संपेपर्यंत ती पोच भावाने जवळ बाळगावी. पुढची तारीख मात्र चुकवू नये. हप्ते सुरू असले तरी तडजोड न्यायालयात नोंदवली जाईपर्यंत खटला चालूच राहतो.