मदत हवी आहे: दुधाच्या दाढेला रूट कॅनल करावं का?

माझी लेक 6 वर्षांची आहे, खालची शेवटची दुधाची दाढ किडलीये, रात्री गाल धरून रडत उठते. डॉक्टर म्हणाले कीड इनॅमल (दाताचं वरचं कडक कवच), डेंटिन (त्याखालचा थर) पार करून नसेपर्यंत गेलीये, रूट कॅनल करून कॅप बसवू. सासूबाई म्हणतात पडणारच आहे तर काढून टाका, पण ही दाढ वयाच्या 10-12 वर्षांपर्यंत राहते आणि आधीच काढली तर मागची दाढ पुढे सरकून नवीन दाताची जागा जाते म्हणे. मागे नवीन दाढ आलीये, मी तीपण दुधाचीच समजत होते, ती कायमची निघाली! तिच्या खाचांत सीलंट (कीड लागू नये म्हणून लावतात तो पातळ लेप) भरायला सांगितलंय. कुणी मुलांचं हे केलंय का, मूल खुर्चीत बसलं का, कॅप टिकली का? प्लीज सांगा, तिला एका बाजूनेच चावावं लागतंय.